बटणाखालचे साडेतीन मिलिमीटर

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरला की फ्रीगंजातल्या दुकानात आपण काय काय विचारतो? रॅम किती, एसएसडी किती, प्रोसेसर कुठल्या पिढीचा, बॅटरी किती तास चालेल, सोबत बॅग मिळेल का. स्क्रीन जवळून बघतो, वजन हातात तोलून बघतो. पण ज्या भागावर पुढची चार-पाच वर्षं आपली बोटं रोज हजारो वेळा पडणार आहेत, त्या कीबोर्डबद्दल सहसा कोणी एक प्रश्नही विचारत नाही. दुकानदारही फार तर ‘बॅकलिट आहे’ एवढंच सांगतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बी.ई. उज्जैनलाच केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता देवास रोडवरच्या घरातूनच काम करतो. म्हणजे माझं पोट अक्षरशः बोटांवर चालतं. त्यामुळे लॅपटॉपच्या बटणाखाली नेमकं काय असतं हे पाहण्याचा नाद मला आधीपासून होता. पण हा विषय आपल्या अंकात लिहावासा वाटला तो माझ्या भाचीमुळे. ती सीपीसीटीची तयारी करते आहे, आणि तिच्या हिंदी टायपिंगचा वेग काही केल्या सतरा-अठरा शब्दांच्या पुढे जात नव्हता. तिच्या अडचणीकडे वळण्याआधी बटणाच्या आत जरा डोकावून येऊ.

बटण दाबलं म्हणजे काय झालं?

घरातला भिंतीवरचा दिव्याचा खटका आठवा. तो हळूहळू दाबत नेला तर एका ठरावीक जागी ‘टक’ होतं आणि त्याच वेळी दिवा लागतो. बोटाला कळतं, कानाला कळतं, डोळ्यांनाही कळतं. त्यामुळे खटका आणखी जोरात दाबायची गरज कोणाला वाटत नाही. चांगल्या कीबोर्डचं सगळं गुपित एवढ्यात आलं. काम झाल्याची वर्दी बोटाला त्याच क्षणी मिळाली पाहिजे.

आपल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बटणाखाली रबराची एक छोटीशी टोपी असते आणि तिच्या भोवती कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले प्लास्टिकचे दोन तुकडे. याला सिझर स्विच म्हणतात. आपण बटण दाबलं की रबराची टोपी आधी वर खचते आणि मग तळाशी टेकून खालच्या पातळ पडद्यावरची जोडणी पूर्ण करते. बोटाला ‘खच्’ लागतं ते वर, अक्षर उमटतं ते तळाशी. म्हणजे प्रत्येक वेळी तळ गाठावाच लागतो. बटणाचा एकूण प्रवास असतो साधारण १ ते १.५ मिलिमीटर.

मेकॅनिकल स्विचचं तसं नसतं. तिथे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि धातूची स्वतंत्र जोडणी असते. जर्मनीत मुख्यालय असलेल्या चेरी कंपनीचा एमएक्स स्विच १९८०च्या दशकात आला आणि आजही या क्षेत्रातला मापदंड मानला जातो. त्याचा एकूण प्रवास ४ मिलिमीटर, आणि अक्षर उमटतं २ मिलिमीटरवर. म्हणजे बटण अर्ध्या वाटेवर असतानाच काम झालेलं असतं. उरलेला अर्धा रस्ता बोटाला सावरायला मोकळा राहतो. यात प्रकारही आहेत. ‘रेड’ सरळ खाली जातो आणि त्याला साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो. ‘ब्राऊन’मध्ये वाटेत एक बारीक उंचवटा बोटाला जाणवतो. ‘ब्ल्यू’मध्ये उंचवट्याबरोबर खणखणीत टकटकही ऐकू येते. रात्री एकच्या सुमारास ब्ल्यू स्विच वापरून पाहा, घरातली मंडळी तुम्हाला बाहेरच्या खोलीचा रस्ता दाखवतील.

ज्यांचे आजोबा किंवा आत्या कचेरीत टायपिस्ट होत्या, त्यांना हे फारसं नवीन वाटणार नाही. माझी आत्या तीस-एक वर्षं सरकारी कचेरीत टायपिंग करत होती. तिला मी माझा मेकॅनिकल कीबोर्ड दिला, तेव्हा चार ओळी टाइप करून ती म्हणाली, “अरे, हे बटण निदान उत्तर तरी देतं. तुझा तो लॅपटॉप म्हणजे पाटावर बोटं आपटल्यासारखं वाटतं.” स्विचवरचं इतकं नेमकं भाष्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आत्याची बोटं गोदरेजच्या टाइपरायटरवर तयार झालेली. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर गोदरेजने १९५५ मध्ये आणला, आणि या यंत्रांचं उत्पादन थांबलं ते २००९ मध्ये, साताऱ्याजवळच्या शिरवळच्या कारखान्यात. त्या यंत्रात बोटाचा जोर थेट कागदापर्यंत पोचायचा. जोर कमी पडला तर अक्षर फिकं उमटायचं, आणि शिफ्ट दाबली की करंगळीला आतला जड भाग हलवावा लागायचा. ते कष्ट परत यावेत असं कोणीच म्हणणार नाही. पण ‘मी दाबलं आणि ते झालं’ ही खात्री त्या यंत्रात जागच्या जागी मिळायची.

लॅपटॉपमध्ये हे का बसत नाही?

प्रश्न जागेचा आहे. नेहमीच्या एमएक्स स्विचची पायांसकट उंची १८.५ मिलिमीटर. आजचा चांगला लॅपटॉप मिटल्यावर अख्खाच्या अख्खा तेवढा जाड असतो, आणि त्यात स्क्रीन, मदरबोर्ड, पंखा, बॅटरी हे सगळं बसवायचं असतं. म्हणजे घरच्या दारापेक्षा कपाट मोठं, अशी गत.

तरी हौसेला मोल नसतं. २०१५ च्या सुरुवातीला एमएसआय कंपनीने जीटी८० टायटन नावाचा लॅपटॉप आणला. त्यात पूर्ण उंचीचे चेरी ब्राऊन स्विच होते. ते बसावेत म्हणून कीबोर्ड पुढच्या कडेला सरकवला आणि टचपॅड उजवीकडे उभा केला. स्क्रीन १८.४ इंची आणि वजन साडेचार किलोच्या आसपास. पुढे २०१७ मध्ये एसरचा प्रिडेटर २१ एक्स आला. वळणदार २१ इंची स्क्रीन, मेकॅनिकल कीबोर्ड, वजन आठ किलोंहून जास्त आणि किंमत जवळजवळ नऊ हजार डॉलर. याला मांडीवरचा संगणक म्हणायचं तर मांडी भीमाची हवी.

याच्या उलट टोकाला ॲपल गेली. २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुकमध्ये त्यांनी ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आणला. कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी रचना, आणि बटणाचा प्रवास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दिसायला सुरेख, पण बारीकसा धुळीचा कण आत गेला तरी बटण अडकायचं, किंवा एकदा दाबलं तर अक्षर दोनदा उमटायचं. तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीपासून ती पुन्हा कात्रीवर आली आणि प्रवास परत १ मिलिमीटर झाला. अमेरिकेतल्या खटल्यात २०२२ मध्ये कंपनीने पाच कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. अर्धा मिलिमीटर वाचवण्याची किंमत एवढी पडली.

इथे मला आपली वेधशाळा आठवते. सवाई जयसिंगाने जंतर-मंतरमधली यंत्रं चुन्या-दगडांत एवढी मोठी का बांधली? कारण पितळेच्या लहान यंत्रांवर बारीक मोजमाप नीट होत नव्हतं. यंत्र मोठं केलं की अंशांच्या खुणांमध्ये अंतर पडतं आणि डोळ्याला फरक दिसतो. बोटाचंही तसंच आहे. ‘अजून दाबलं नाही’, ‘आता दाबलं’ आणि ‘तळ लागला’ या तीन खुणा वेगवेगळ्या कळायच्या असतील तर त्यांच्यामध्ये थोडं अंतर लागतंच. अर्ध्या मिलिमीटरात या तिन्ही एकमेकांवर चढतात.

मधला मार्ग

मग उंची कमी करायची आणि बोटाला मिळणारं उत्तर तसंच ठेवायचं, यावर काम सुरू झालं. चेरीने २०१८ मध्ये लो प्रोफाइल स्विच आणला. उंची ११.९ मिलिमीटर, प्रवास ३.२, आणि अक्षर उमटतं १.२ मिलिमीटरवर. टेबलावरच्या चपट्या कीबोर्डसाठी हा उत्तम, पण लॅपटॉपसाठी अजूनही उंचच.

मग २०२१ मध्ये आला अल्ट्रा लो प्रोफाइल. उंची फक्त ३.५ मिलिमीटर! डेलच्या एलियनवेअर एम१५ आणि एम१७ या लॅपटॉपमध्ये तो पहिल्यांदा दिसला. नेहमीच्या स्विचमध्ये दांडा सरळ खाली उतरतो. इथे उभी जागाच नाही. म्हणून बटणाला आधार देणारे भाग वर उघडणाऱ्या पंखांसारखे केले आहेत आणि दाबल्यावर ते आडवे होतात. एवढ्याशा जागेत प्रवास मिळतो १.८ मिलिमीटर, म्हणजे स्विचच्या एकूण उंचीच्या निम्म्याहून जास्त! दाबायला साधारण ६५ ग्रॅमचा जोर लागतो, आणि वाटेत तो उंचवटा बोटाला स्पष्ट लागतो. इंजिनिअर म्हणून मला या स्विचचं खरोखर कौतुक वाटतं. साडेतीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन-तीन नाणी.

नंतर एमएसआयच्या टायटन मालिकेत आणि कोर्सेअरच्या व्हॉयेजर लॅपटॉपमध्येही हे स्विच आले. पण यातली ‘पण’ची बाजूही सांगायला हवी. हे सगळे गेमिंगचे लॅपटॉप. किंमत लाखांत, वजन भरपूर, पंख्याचा आवाज वेगळाच. ज्याला फक्त लिहायचंय त्याने केवळ कीबोर्डसाठी गेमिंगचं पूर्ण यंत्र विकत घ्यावं, असा हा मामला आहे. लिहिणाऱ्या माणसासाठी म्हणून हलक्या, साध्या लॅपटॉपमध्ये हे स्विच देण्याकडे मोठ्या कंपन्यांचा कल दिसत नाही. उलट टायपिंगसाठी नावाजलेल्या थिंकपॅडमध्येसुद्धा बटणाचा प्रवास १.८ वरून बऱ्याच मॉडेलमध्ये १.५ वर आला आहे. सगळा ओढा पातळपणाकडे.

देवनागरीचा हिशेब वेगळा

आतापर्यंतचं सगळं इंग्रजी टाइप करणाऱ्यालाही लागू आहे. पण आपल्या लिपीला कीबोर्डची गरज जरा जास्तच असते, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

संगणकावर देवनागरी लिहिण्याचा अधिकृत भारतीय आराखडा म्हणजे इनस्क्रिप्ट. तो १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवला. भारतीय लिपींसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं आणि इनस्क्रिप्ट घराघरांतल्या संगणकांत पोचला. आज विंडोजमध्ये तो आधीपासूनच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

त्याची रचना फार समंजस आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’च्याच बटणावर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. मात्रेच्या बटणावर शिफ्ट दाबली की तोच स्वर पूर्ण उमटतो. ‘ल’वर शिफ्ट म्हणजे ‘ळ’, ‘म’वर शिफ्ट म्हणजे ‘ण’, ‘र’वर शिफ्ट म्हणजे ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’.

आता हिशेब करा. मराठीत सतत येणारा शब्द ‘आणि’. तीन बटणं, त्यातल्या दोघांना शिफ्ट. म्हणजे तीन अक्षरखुणांसाठी पाच दाब. ‘शाळा’ लिहायला चार बटणं आणि दोनदा शिफ्ट. ‘उज्जैन’ लिहायला सहा बटणं आणि एकदा शिफ्ट. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावाला लागते. मराठीत ती जवळजवळ दर शब्दाला लागते. म्हणजे करंगळी, जे आपलं सगळ्यात अशक्त बोट, त्याच्यावर सगळ्यात जास्त भार.

दुसरी गोष्ट हलन्ताची, म्हणजे पाय मोडण्याच्या बटणाची. इंग्रजी शब्दातलं एक अक्षर गळलं तरी शब्द ओळखू येतो. पण ‘उज्जैन’मधलं पाय मोडण्याचं बटण नीट लागलं नाही तर ‘उजजैन’ उमटतं, ‘पत्ता’चा ‘पतता’ होतो, ‘सत्य’चं ‘सतय’. जोडाक्षर मोडतं आणि वाचणारा अडखळतो. म्हणून आपल्या लिपीत टाइप करताना बटण लागलं की नाही, हे बोटाला तिथल्या तिथे कळणं जास्त गरजेचं. स्क्रीनकडे बघून कळलं तर वेग तिथेच संपला.

भाचीची अडचण

आता भाचीकडे येऊ. आपल्या मध्य प्रदेशात डेटा एन्ट्री, सहायक, स्टेनो अशा सरकारी पदांसाठी सीपीसीटीचं गुणपत्रक लागतं. दोन तासांच्या परीक्षेत संगणकाच्या ज्ञानावरचे ७५ प्रश्न, मग १५ मिनिटं इंग्रजी टायपिंग आणि १५ मिनिटं हिंदी टायपिंग. पात्र ठरायला इंग्रजीत मिनिटाला ३० आणि हिंदीत २० शब्द हवेत. हिंदीसाठी रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट यांपैकी एक आराखडा निवडता येतो. महाराष्ट्रातही मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा असते आणि अनेक नोकऱ्यांना ते प्रमाणपत्र लागतं. म्हणजे बोटांचा वेग हा काही हजार घरांसाठी नोकरीचा प्रश्न आहे.

भाचीने इनस्क्रिप्ट निवडलं होतं. रोज दीड तास सराव. इंग्रजी ठीक, हिंदी मात्र अडलेलं. घरात सगळ्यांचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे क्लास बदल, कोणी म्हणे मोबाईल कमी बघ. ती बिचारी रडवेली होऊन मला म्हणाली, “मामा, मी दाबते रे, पण ते उमटतच नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. सरावाचा मजकूर आणि तिने टाइप केलेला मजकूर शेजारी ठेवून कुठे काय चुकलं ते तो मोजायचा. आठवडाभराचं चित्र बघितलं तर चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नव्हत्याच. निम्म्याहून जास्त चुका दोनच जातींच्या. एक, शिफ्टची अक्षरं: ‘ख’च्या जागी ‘क’, ‘भ’च्या जागी ‘ब’, ‘ध’च्या जागी ‘द’. दुसरी, गळलेला हलन्त. तिला अक्षरं पाठ होती, बोटं योग्य बटणावर जात होती. पण तिच्या सडपातळ लॅपटॉपवर शिफ्ट पुरती दाबली गेली की नाही हे करंगळीला समजत नव्हतं. खात्री नसल्यामुळे ती प्रत्येक शब्दानंतर स्क्रीन बघायची, मागे जायची, खोडायची. वेळ जात होता तो तिथे.

माझ्याकडे टेबलावरचा एक जुना मेकॅनिकल कीबोर्ड पडून होता, उंचवटा जाणवणाऱ्या स्विचचा. तो तिच्या लॅपटॉपला जोडला. पहिले चार दिवस वेग आणखी कमी झाला, कारण बटणं उंच आणि बोटांना सवय नाही. मग हळूहळू चढला. महिन्याभराने घरच्या चाचणीत तो बावीस-तेवीसवर स्थिर झाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिची मान वर-खाली होणं थांबलं.

यातलं श्रेय किती कीबोर्डचं आणि किती महिनाभराच्या सरावाचं, हे मी वेगळं काढून सांगू शकत नाही. एका मुलीचा अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. शिवाय परीक्षा अजून व्हायची आहे. पण एक फायदा निश्चित झाला. परीक्षा केंद्रावर लॅपटॉप नसतो, टेबलावरचा कीबोर्ड असतो आणि जो समोर येईल त्यावरच टाइप करायचं असतं. लॅपटॉपच्या सपाट बटणांवर तयार झालेली बोटं तिथे बावरतात. म्हणून आता ती आठवड्यातले तीन दिवस मेकॅनिकलवर आणि तीन दिवस तीनशे-चारशे रुपयांच्या साध्या कीबोर्डवर सराव करते. उत्तर देणाऱ्या बटणावर बोटं शिकली की मुक्या बटणावरही ती बऱ्यापैकी निभावून नेतात, असा आमचा अंदाज आहे.

घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. केवळ मेकॅनिकल स्विचसाठी लाखांचा लॅपटॉप घेऊ नका. गेमिंग करायचंच असेल आणि बजेट असेल तर अल्ट्रा लो प्रोफाइल असलेलं मॉडेल जरूर बघा, एकदा तरी त्यावर बोटं फिरवा. बाकीच्यांनी साधा लॅपटॉप घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, बटणाचा प्रवास. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘की ट्रॅव्हल’ म्हणून तो दिलेला असतो. १.५ मिलिमीटर असेल तर चांगलं, १.३ चालेल. १ किंवा त्याखाली असेल तर हाताळून बघितल्याशिवाय घेऊ नका. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटं टाइप करायला लाजू नका. शिफ्ट, एंटर आणि स्पेस ही मोठी बटणं कडेला दाबून बघा. मध्यावर दाबलं की लागतं आणि कडेला दाबलं की लागत नाही, असं असेल तर तो लॅपटॉप देवनागरीच्या कामाचा नाही.

दुसरी, दुरुस्ती. माझ्या आधीच्या लॅपटॉपचं एक बटण दोन वर्षांत गेलं. सेवा केंद्रात सांगितलं की एक बटण बदलता येत नाही, कीबोर्ड वरच्या झाकणालाच जोडलेला आहे, ते अख्खं बदलावं लागेल. खर्च ऐकून मी तो लॅपटॉप टेबलावर ठेवला, बाहेरून कीबोर्ड जोडला आणि अजून वापरतो आहे. म्हणून घेण्याआधीच विचारा, कीबोर्ड वेगळा बदलता येतो का आणि किती खर्च येतो? आपल्याकडे तर सिंहस्थ २०२८ च्या तयारीने रस्ते खोदलेले आहेत. धूळ काही कीबोर्ड कोणत्या कंपनीचा आहे ते विचारून आत शिरत नाही. ब्रश ठेवा, आणि पोहे खाताना शेव बटणांत पडणार नाही एवढं बघा.

तिसरी, घरात बसून तासन्‌तास टाइप करायचं असेल तर वेगळा कीबोर्ड घ्या. पूर्ण उंचीचे मेकॅनिकल कीबोर्ड दोन-तीन हजारांपासून मिळतात. एमएक्सच्या पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्यांनी तसेच स्विच बनवायला सुरुवात केली आणि किमती उतरल्या. लो प्रोफाइल प्रकारचे महाग आहेत, पण मनगट फार उचलावं लागत नाही. उंच कीबोर्ड घेतलात तर मनगटाखाली छोटी उशी ठेवा. आणि बोटं किंवा मनगट दुखत असेल तर स्विच बदलून बरं होईल या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. एकत्र कुटुंबात राहत असाल तर ब्ल्यू स्विच टाळा, हा सल्ला मात्र फुकटचा.

शेवटी आपल्या तरुण वाचकांसाठी एक गोष्ट. माळव्यातली आपली मुलं घरात मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की हिंदी किंवा रोमन अक्षरं. सीपीसीटीसाठी इनस्क्रिप्ट शिकलात तर मराठी टायपिंग त्यातच येतं. आराखडा तोच, अक्षरं त्याच जागी, फक्त ‘ळ’ आणि ‘ऱ’ची सवय करायची. नोकरीसाठी केलेल्या मेहनतीत आपली भाषा आयती हाती लागते. भाचीने परवा सराव म्हणून आत्याच्या जुन्या वहीतली चार पानं मराठीत टाइप करून दिली. आत्याने चष्मा लावून ती वाचली आणि लाल पेनाने दोन चुका काढल्या. दोन्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या. शिफ्टची एकही नव्हती.